स्क्रीनवरचा रंग कागदावर आणि फ्लेक्सवर उतरवायचा कसा

एप्रिल लागला की विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत डिझाईन-छपाईच्या दुकानांचे लाइट रात्री उशिरापर्यंत चालू दिसतात. लग्नसराई असते, यात्रा असतात, १४ तारखेला आंबेडकर जयंती असते. याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. गिऱ्हाईक मोबाईल पुढं धरून म्हणतं, "भाऊ, मोबाईलात तं निया भक्क दिसते, अन् फ्लेक्सवर जांभया काऊन आला?" (निया म्हणजे निळा, जांभया म्हणजे जांभळा.)

तक्रार खरी असते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात दोष नसतो, आणि बहुतेक वेळा मशीनही बिघडलेलं नसतं. रंग त्याआधीच, फाईल बनताना गेलेला असतो. गावात स्टुडिओ चालवणारे, कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर पत्रिका आणि बॅनर करणारे, बचत गटाची लेबलं बनवणारे किंवा स्वतःचे फोटो नीट छापून घ्यायची इच्छा असणारे अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. यातलं बरंचसं काम बिनपैशाचं आहे. जिथं पैसे लागतात तिथं तसं सांगेन.

रंग जातो कुठं

स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते. लाल, हिरवा आणि निळा हे तीन दिवे कमीजास्त होतात, तीनही पूर्ण लागले की पांढरं दिसतं. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. खोलीतला किंवा उन्हाचा प्रकाश कागदावर पडतो, सायन (आकाशीसारखी), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळी शाई त्यातला काही भाग गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. चौथी शाई काळी. तीन दिव्यांच्या पद्धतीला आरजीबी म्हणतात, चार शायांच्या पद्धतीला सीएमवायके. त्यामुळे स्क्रीनचा रंगपट्टा, म्हणजे तिला दाखवता येणाऱ्या रंगांचा आवाका, आणि शाईचा रंगपट्टा एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. झगझगीत निळा, पोपटी हिरवा, निऑनसारखा नारिंगी आणि स्क्रीनवरचा राणी रंग चार शायांत जसाच्या तसा येत नाही. उलट बाजूही आहे: चांगल्या आर्ट पेपरवरचा शुद्ध सायन साध्या स्क्रीनच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणजे छपाई ही स्क्रीनपेक्षा सगळ्याच बाबतीत कमी आहे असं नाही, तिची ताकद वेगळ्या जागी आहे.

या सगळ्या लेखात एकच गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. छपाईतला प्रत्येक उठावदार रंग जास्तीत जास्त दोन शायांचा असतो, आणि तिसरी शाई त्यात शिरली की तो मळतो. लाल म्हणजे मॅजेंटा आणि पिवळा. त्यात सायन गेला की विटकरी. हिरवा म्हणजे सायन आणि पिवळा. त्यात मॅजेंटा गेला की शेवाळी. निळा म्हणजे सायन आणि मॅजेंटा. त्यात पिवळा गेला की राखाडी. आपल्याकडे रंग फिका वाटला की सॅच्युरेशनचा स्लायडर उजवीकडे ओढायची सवय आहे. त्याने स्क्रीन भडक होते, पण लुगड्याच्या चुण्या आणि फुलांच्या पाकळ्या एका सपाट डागात जातात. हव्या त्या रंगातून ती तिसरी शाई काढणं हेच खरं काम.

पायरी १: कशावर छापणार आणि कुठं बघणार, हे आधी विचारा

काम घेताना किंमत ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारा. कशावर छापायचं आहे? कुठं लावणार आहात? चकचकीत फोटो पेपर, आर्ट कार्ड, साधा मॅपलिथो (चकाकी नसलेला कागद), फ्लेक्स, स्टिकर, प्रत्येकाचं पांढरेपण आणि शाई पिण्याची सवय वेगळी आहे. मॅपलिथो शाई आत ओढून घेतो, ठिपके फुगतात आणि रंग गडद पण मंद होतो. आर्ट पेपरवर शाई वरच राहते म्हणून तोच रंग तेजदार दिसतो. खाकी कागदाच्या पिशवीवर तर पांढरा रंगच नाही, कारण या शाया पारदर्शक असतात आणि खालचा तपकिरी रंग वर येतो. पारदर्शक फिल्मच्या लेबलवरही तेच: खाली पांढऱ्या शाईचा थर टाकणारं मशीन हवं, नाहीतर हळदीच्या पाकिटावरचं लेबल आतल्या हळदीतच विरून जातं.

बघण्याची जागा तितकीच महत्त्वाची. चौकात उन्हात लागणारं फ्लेक्स आणि मंगल कार्यालयात एलईडीखाली लागणारी फोटोफ्रेम यांची फाईल एकसारखी असून चालत नाही. घरातल्या मंद उजेडात लागणारा फोटो मधल्या छटांत थोडा उजळ ठेवावा लागतो.

पायरी २: खोली आणि मॉनिटर

आपल्याकडे दुकानाच्या भिंती गुलाबी, पोपटी किंवा आकाशी असतात. भिंतीवरून परतलेला तो रंग स्क्रीनवर आणि हातातल्या प्रिंटवर पडतो, आणि डोळा नकळत त्याची भरपाई करत बसतो. मॉनिटरच्या मागची आणि समोरची भिंत तरी पांढरी किंवा फिकट राखाडी करा. एका डब्बा डिस्टेंपरचा खर्च आहे आणि फायदा रोजचा आहे. मॉनिटरवर दाराचं ऊन थेट येऊ देऊ नका.

मॉनिटर लावल्यावर अर्धा तास तापू द्या. विंडोजचा नाइट लाइट बंद, मॉनिटरवरचे 'गेम', 'मूव्ही', 'डायनॅमिक' असले मोड बंद. रंगाचं तापमान ६५०० केल्विन, गॅमा २.२. विंडोजच्या सर्चमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' टाइप केलं की एक फुकट साधन उघडतं. त्यातल्या राखाडी पट्ट्या पाहून ढोबळ झुकाव काढता येतो.

बहुतेक प्रिंट "अंधाऱ्या" येतात त्याचं कारण मॉनिटर फार उजळ ठेवलेला असतो. छपाईच्या कामाला साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढी उजळता पुरते. दुकानातून आणलेला मॉनिटर याच्या दुप्पट-अडीचपट असू शकतो. मोजायला यंत्र नसेल तर असं करा. वर्डमध्ये कोरं पांढरं पान उघडा. त्याच्या शेजारी, नेहमीच्या कामाच्या उजेडात, कोरा फोटो पेपर धरा. मॉनिटरची ब्राइटनेस कमी करत करत दोन्ही पांढरे सारखे वाटू लागतील तिथं थांबा आणि त्या बटणाला पुन्हा हात लावू नका. पहिले दोन दिवस स्क्रीन मंद वाटेल, मग डोळ्याला सवय होते.

यंत्र घ्यायचंच तर स्पायडर किंवा कॅलिब्राईट यांचं मॉनिटर मोजायचं यंत्र घ्या. ते स्क्रीनला चिकटवायचं, ते रंग मोजतं आणि त्या मॉनिटरचं प्रोफाइल, म्हणजे तो रंग कसे दाखवतो याची नोंद, बनवतं. काम महिन्यातून एकदाच असतं, म्हणून गावातल्या तीन-चार स्टुडिओवाल्यांनी मिळून एक घेणं सगळ्यात परवडणारं. स्वस्त टीएन पॅनलच्या मॉनिटरवर मात्र हा खर्च करू नका. डोकं वरखाली केलं तरी त्याचा रंग बदलतो. आधी कोन बदलला तरी रंग टिकवणारं आयपीएस पॅनल, मग यंत्र.

पायरी ३: फाईलला तिची ओळख द्या

फाईलमधला लाल २००, हिरवा ८०, निळा ४० हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. तो कोणत्या रंगपट्ट्यातला आहे हे प्रोफाइल सांगतं. एसआरजीबी हा पट्टा एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली पुढं आणला. आजही फोटो लॅब, मोबाईल आणि इंटरनेट यांचा तोच समान पाया आहे. अडोबी आरजीबी हा १९९८ चा, त्याहून मोठा. मोठा म्हणून चांगला असं समजून कॅमेऱ्यात तो लावून ठेवतात, आणि लॅबचं मशीन त्या फाईलला एसआरजीबी समजून छापतं. मग नवरीचा शालू निस्तेज आणि चेहरे फिके येतात. तुमची साखळी शेवटपर्यंत तुमच्या ताब्यात नसेल तर एसआरजीबीवरच राहा.

फोटोशॉपमध्ये एडिट मेनूत दोन आज्ञा शेजारी शेजारी आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. 'असाइन प्रोफाइल' आकडे तेच ठेवून अर्थ बदलते, म्हणून चित्र डोळ्यांदेखत बदलतं. 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' दिसणं शक्य तितकं तेच ठेवून आकडे बदलते. एका पट्ट्यातून दुसऱ्यात जायचं असेल तर नेहमी कन्व्हर्ट. असाइन फक्त तेव्हा, जेव्हा फाईलला प्रोफाइलच नाही किंवा चुकीचं लागलेलं आहे. सेव्ह करताना 'एम्बेड' किंवा 'आयसीसी प्रोफाइल' या चौकटीत खूण असू द्या.

कोरलमध्ये आणखी एक सापळा आहे. बॅनरची पार्श्वभूमी सीएमवायकेमध्ये भरलेली असते आणि वर आणून टाकलेलं तयार डिझाईन आरजीबीमध्ये असतं. स्क्रीनवर दोन्ही निळे जुळे भाऊ दिसतात, छपाईत एक निळा आणि एक जांभळा येतो. सावल्यांभोवती चौकोनी डाग दिसतो तोही यातूनच. एडिट मेनूतल्या 'फाइंड अँड रिप्लेस'ने कलर मॉडेल बदलता येतं. पाठवण्याआधी एकदा सगळे आरजीबी भराव शोधून एका पद्धतीत आणा.

पायरी ४: फोटो काढतानाच पांढरा पकडा

मंडपाचा कपडा लाल-पिवळा असतो, आणि दुपारचं ऊन त्यातून गाळून खाली येतं. त्याखाली हळदीचा कार्यक्रम चालतो. चेहरे, साड्या, पाटावरचे तांदूळ, सगळ्यावर तो लाल-पिवळा झुकाव बसतो, आणि ऑटो व्हाईट बॅलन्स प्रत्येक फोटोत वेगळा निर्णय घेतो. त्यावर उपाय एकच: १८ टक्के राखाडी कार्ड. मंडपात शिरल्यावर नवरीच्या चेहऱ्याजवळ ते धरून एक फोटो काढा. मंडप बदलला, संध्याकाळ झाली, हॅलोजन लागले की पुन्हा एक. रॉ फाईलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) नंतर ड्रॉपरने त्या कार्डावर टिचकी मारली की पूर्ण मालिका एकदम जागेवर येते.

कार्ड नसलं की लोक समोरची कोणतीही पांढरी वस्तू धरतात. आपल्या भागात दोन वस्तू हमखास फसवतात. पहिली, कापूस. यवतमाळ-वर्ध्याकडच्या जिनिंगमधला कापसाचा ढीग डोळ्याला शुभ्र दिसतो, पण कच्चा कापूस किंचित पिवळसर असतो. त्यावर ड्रॉपर मारला की बाकीचा फोटो निळा पडतो. दुसरी, नीळ दिलेलं धोतर किंवा सदरा. ते निळसर असतं, त्यावर ड्रॉपर मारला की चेहरे पिवळे होतात. दोन्हींपेक्षा राखाडी कार्ड बरं, आणि कार्ड नसेलच तर साध्या स्टीलच्या ताटाची सावलीतली, कुठल्याही रंगाचं प्रतिबिंब न पडलेली बाजू कामचलाऊ आधार देते.

वरातीतल्या एलईडी पार लाइटखाली एकच चॅनल, बहुधा निळा किंवा लाल, ओसंडून जातो. तिथं चेहऱ्याचा तपशील कायमचा जातो, नंतर कोणतंही सॉफ्टवेअर तो परत आणत नाही. एक्स्पोजर एक स्टॉप खाली ठेवा आणि हिस्टोग्राम तीनही रंगांचा वेगळा दिसेल असा लावा.

पायरी ५: दुरुस्ती, आणि चेहऱ्यांबद्दल थोडं

दुरुस्तीचा क्रम ठरवून घ्या: आधी व्हाईट बॅलन्स, मग उजेड-अंधार, मग कॉन्ट्रास्ट, आणि रंग सर्वांत शेवटी. पांढरा आणि काळा जागेवर बसले की निम्मे रंग आपोआप उठतात. सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरा. तो आधीच भडक असलेल्या रंगांना कमी हात लावतो आणि त्वचेला जपतो.

त्वचेसाठी आकडे बघायची सवय लावा. इन्फो पॅनेलमध्ये सीएमवायके वाचन ठेवा आणि गालाच्या मध्यम उजेडाच्या जागी कर्सर न्या. आपल्या लोकांच्या त्वचेत पिवळा मॅजेंटापेक्षा थोडा जास्त असतो, आणि सायन मॅजेंटाच्या पाव ते निम्मा. मॅजेंटा पिवळ्याच्या वर गेला की चेहरा भाजल्यासारखा लाल येतो, सायन फार कमी झाला की पुतळ्यासारखा गुलाबी. उन्हात राबणाऱ्या माणसाचा चेहरा सावळा असतो, आणि त्यात सायन जास्त असणं बरोबर आहे. चेहरे सरसकट गोरे करायची जी पद्धत पडली आहे ती मला मुळीच पटत नाही. माणूस स्वतःच्या फोटोत ओळखू यायला हवा. शिवाय तांत्रिक नुकसानही आहे: उजळवलेल्या चेहऱ्यावर शाईच पडत नाही, कागदाचा पांढरा भाग उघडा राहतो आणि नाक-गालाचा उठाव जातो.

पायरी ६: निळा, भगवा, हळद, कुंकू, हिरवा

आपल्याकडच्या कामात हे पाच रंग पुन्हा पुन्हा येतात आणि लोकांच्या मनात त्यांची जागा मोठी आहे. खाली दिलेले आकडे सुरुवातीचे आहेत. मशीन आणि कागद बघून पाच-दहा टक्के हलवावे लागतील.

निळा आधी, कारण तोच सगळ्यात जास्त बिघडतो. स्क्रीनवरचा शुद्ध निळा सीएमवायकेमध्ये बदलला की सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारखे होतात, आणि सारखा सायन-मॅजेंटा म्हणजे जांभळा. उपाय सरळ आहे: सायन आणि मॅजेंटात किमान ३० टक्क्यांचं अंतर ठेवा. सायन १००, मॅजेंटा ६५, पिवळा ०, काळा ० इथून सुरुवात करा. जयंतीच्या मिरवणुकीतल्या झेंड्यासारखा खोल निळा हवा असेल तर मॅजेंटा वाढवू नका, काळा ५ ते १० टाका. दीक्षाभूमीवर दरवर्षी एवढे निळे बॅनर एका जागी दिसतात. लक्ष देऊन पाहिलं तर कोणत्या फाईलमध्ये मॅजेंटा सुटलेला होता ते लांबूनच कळतं.

भगव्यात सायनचा एक टक्काही नको. मॅजेंटा ६०, पिवळा १००. मॅजेंटा ७५ च्या वर गेला की तो शेंदरी-लालाकडे जातो, ५० च्या खाली आंब्यासारखा होतो. संत्र्याच्या पेटीवरच्या छपाईत यातली मधली जागा लागते, आणि तिथं संत्र्याच्या सावलीतल्या भागाकडे खास बघा. सावली दाखवायला सायन शिरतो आणि फळ शिळं दिसतं. सायन कमी करून तिथं थोडा काळा आणि थोडा जास्त मॅजेंटा दिला की फळ ताजं राहतं.

हळदीला मॅजेंटा १० ते १५, पिवळा १००. वायगावची हळद नावाजलेली आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे. अशा हळदीच्या पाकिटावरचा रंग नारिंगी झाला तर घेणाऱ्याला भेसळीचा संशय येतो, फिका झाला तर जुना माल वाटतो. बचत गटाचं काम असेल तर त्यांच्याकडून वाटीभर खरी हळद मागवा आणि छापलेल्या नमुन्याशेजारी उजेडात ठेवून जुळवा. भिवापुरी मिरचीच्या पाकिटालाही हीच पद्धत लावा.

कुंकवाचा लाल: मॅजेंटा १००, पिवळा ९० ते १००, सायन ०. मरून हवा असेल तर सायन ऐवजी काळ्याने गडद करा, १५ ते २५ टक्के. शेताचा, मेळघाटच्या जंगलाचा हिरवा: सायन ६५ ते ७५, पिवळा १००, मॅजेंटा ०. फोटो सीएमवायकेमध्ये बदलला की त्यातल्या हिरव्यात बहुधा थोडा मॅजेंटा येतो. फोटोशॉपच्या 'सिलेक्टिव्ह कलर'मध्ये ग्रीन्स आणि यलोज निवडून मॅजेंटा कमी करा. धान नुकतंच उगवल्यासारखं टवटवीत दिसायला एवढंच पुरतं. याच खिडकीत रेड्स निवडून सायन कमी केला की कुंकू आणि शालू उठतात. सगळ्या फोटोचं सॅच्युरेशन न हलवता हवा तो रंग साफ करायचा हा माझा सर्वांत आवडता मार्ग आहे.

सोनेरी रंग चार शायांत होत नाही. होतो तो मोहरीचा पिवळा. पत्रिकेवर सोनं हवं असेल तर फॉइल किंवा धातूची खास शाई, आणि हे गिऱ्हाइकाला आगाऊ सांगा.

पायरी ७: छापण्याआधी स्क्रीनवरच प्रूफ

फोटोशॉपच्या व्ह्यू मेनूत 'प्रूफ सेटअप'मधून 'कस्टम'मध्ये जा. ज्या कागदावर आणि मशीनवर छापायचं त्याचं आयसीसी प्रोफाइल निवडा. प्रिंटर कंपनीच्या साइटवर त्यांच्या कागदांची प्रोफाइलं फुकट मिळतात. मग कंट्रोल-वाय दाबलं की छपाईत दिसेल तसं चित्र दिसतं, आणि शिफ्ट-कंट्रोल-वाय दाबलं की आवाक्याबाहेरचे रंग राखाडी करून दाखवले जातात. प्रूफ पाहताना चित्र अचानक मंद होतं आणि मन खट्टू होतं. दाबताना क्षणभर नजर बाजूला करा, मग बघा. गिंपमध्येही सॉफ्ट प्रूफची सोय आहे आणि ते फुकट आहे.

आवाक्याबाहेरच्या रंगांचं काय करायचं हे 'रेंडरिंग इंटेंट' ठरवतो. त्यात फोटोंसाठी 'पर्सेप्च्युअल' आणि 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' हे दोन्ही करून पाहा. पहिला सगळे रंग एकमेकांचं नातं सांभाळत आत ओढतो, दुसरा आवाक्यातले रंग तसेच ठेवून बाहेरचे काठावर आणतो. भडक शालू आणि फुलं असतील तर बहुधा पहिला, साध्या चेहऱ्यांना दुसरा. 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन'ची खूण राहू द्या.

पायरी ८: दुकानातला इंकजेट

इथं एकच नियम पाळला तरी अर्ध्या तक्रारी संपतात: रंगाचा कारभार एकाच्याच हातात. फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडून कागदाचं प्रोफाइल लावलं, तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट' करायलाच हवं. दोघांनीही रंग सुधारले की चेहरे लाल आणि सावल्या काळ्याठिक्कर येतात. प्रोफाइल नसेल तर उलट करा, सगळं प्रिंटरवर सोडा आणि ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार नीट निवडा. कागदाचा प्रकार म्हणजे शाई किती सोडायची याचा हुकूम. चकचकीत कागदाला 'प्लेन पेपर' दिलं की रंग पाणचट येतो.

बाजारात मिळणारी स्वस्त शाई भरली की कंपनीचं प्रोफाइल लागू राहत नाही, कारण ते मूळ शाईसाठी मोजलेलं असतं. शाई बदलायचीच असेल तर एका जातीवर टिकून राहा आणि ज्याच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर (छापलेला रंग मोजायचं यंत्र) आहे त्याच्याकडून त्या शाई-कागदाच्या जोडीचं वेगळं प्रोफाइल बनवून घ्या. चाचणीचे रंगचौकोन कोणतीही दुरुस्ती न लावता छापायचे, दिवसभर वाळू द्यायचे आणि मगच पाठवायचे.

आपला उन्हाळा प्रिंटरला सोसत नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हेडच्या तोंडाशी शाई वाळते, म्हणून रोज सकाळी एक नॉझल चेक (शाईची छिद्रं तपासायचा प्रिंट) काढा. एखाद्या रंगाची रेघ तुटलेली दिसली तर आधी साफसफाई, मग गिऱ्हाइकाचं काम. लाइट गेली की हेड मध्येच उघडं अडकतं आणि वाळतं. छोटा यूपीएस लावा, आणि प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा, म्हणजे हेड झाकणावर जाऊन बसतं. पावसाळ्यात उलट त्रास: कागद दमट होतो, शाई पसरते. उघडलेलं पाकीट प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवा.

एक चाचणीची फाईल कायमची बनवा. ए-फोरवर एक गोरा आणि एक सावळा चेहरा, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी पट्टी, वर सांगितलेले पाच रंग आणि बारीक मराठी मजकूर. शाई किंवा कागद बदलला की हीच फाईल छापा. राखाडी पट्टी हिरवी किंवा गुलाबी झुकली तर बाकी रंग तपासत बसू नका, आधी ती पट्टी दुरुस्त करा. डाय शाईचा प्रिंट वाळताना थोडा बदलतो, म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी. आणि निकाल ट्यूबलाइटखाली देऊ नका. सकाळी उघड्या सावलीत, ओसरीवर, थेट ऊन न लागता बघा.

पायरी ९: फ्लेक्स

फाईल बहुधा अमरावती, अकोला किंवा नागपूरला जाते आणि गुंडाळी बसने येते. परत पाठवायला वेळ नसतो, म्हणून आधीच विचारून घ्या: फाईल सीएमवायके हवी की आरजीबी, टिफ की जेपीजी, आणि मशीन किती पासवर चालवणार, म्हणजे एकाच पट्ट्यावरून हेड किती वेळा फिरवणार. पास जास्त म्हणजे वेळ जास्त, पण आडव्या रेघा कमी आणि रंग भरीव. मोठं काम असेल तर त्याच फाईलचा फूटभर पट्टा आधी मागवा, त्याचे पैसे वेगळे द्या.

लांबून बघायच्या बॅनरला मूळ आकारात ७२ पिक्सेल प्रति इंच पुरतात. १० बाय ८ फूट म्हणजे ८६४० बाय ६९१२ पिक्सेल. हाताने धरायच्या छपाईला मात्र ३००. फ्लेक्सच्या मोठ्या काळ्या पार्श्वभूमीला नुसता काळा १०० दिला तर तो राखाडी दिसतो. सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० द्या. चारही १०० करू नका. एवढी शाई वाळत नाही, गुंडाळीत चिकटते आणि उलगडताना निघते.

उन्हात मॅजेंटा आणि पिवळा आधी उडतात, सायन आणि काळा टिकतात. म्हणूनच वर्षभर चौकात राहिलेलं कोणतंही फ्लेक्स निळसर झालेलं दिसतं. दुकानाची पाटी किंवा शाळेचा फलक कायमचा लावायचा असेल तर मुख्य ओळख लाल-भगव्यावर टाकू नका, किंवा वरून यूव्ही लॅमिनेशन करून घ्या.

पायरी १०: पत्रिका आणि ऑफसेट

देवनागरीत मात्रा, रफार, अनुस्वार आणि वेलांट्या बारीक असतात. चार शायांच्या तपकिरी रंगात छोटा मजकूर भरला आणि एका शाईची प्लेट केसभर सरकली, की अनुस्वार दोन-दोन दिसतात. निमंत्रकांची नावं आणि पत्ते एकाच शाईत ठेवा: काळा १००, तोही ओव्हरप्रिंटवर, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापलेला. गडद पार्श्वभूमीवर पांढरा मजकूर हवा असेल तर टाइप मोठा आणि जाड घ्या, नाहीतर 'कुं' मधला उकार शाईने बुजतो. एकूण शाई, म्हणजे चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज, आर्ट पेपरवर ३०० टक्क्यांच्या आत आणि वर्तमानपत्राच्या जाहिरातीत २४० च्या आत ठेवा.

पायरी ११: पाठवणं आणि मंजुरी

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाईल सहसा साधारण १६०० पिक्सेलपर्यंत लहान होते. ३०० च्या हिशोबात ती सव्वापाच इंचांच्या पुढं टिकत नाही. नेहमी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा ड्राइव्हची लिंक द्या. फॉन्ट कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरं आकृत्यांमध्ये, बदला. फाईलच्या नावातच माप, कागद आणि रंगपद्धत लिहा, उदाहरणार्थ 'हळद-लेबल-४बाय६-स्टिकर-सीएमवायके'.

गिऱ्हाइकाची मंजुरी मोबाईलवर घेऊ नका. बहुतेक फोन 'व्हिव्हिड' मोडवर असतात आणि त्यांनी मंजूर केलेला निळा जगातल्या कोणत्याही शाईत नसतो. नमुना छापून हातात द्या, दुकानाबाहेर उजेडात नेऊन दाखवा, आणि मागच्या बाजूला सही घ्या. त्याच बाजूला तारीख, शाई, कागद, प्रोफाइल आणि मुख्य रंगांचे आकडे लिहून एक प्रत जाड लिफाफ्यात, अंधाऱ्या जागी ठेवा. पुढच्या वर्षी तेच मंडळ "मागच्या वर्षीसारखाच निया पाह्यजे" म्हणत आलं, की लिफाफा उघडायचा, आकडे टाकायचे आणि एक पट्टा छापून शेजारी धरायचा.